अप्रेंटिस हाताखाली येण्याआधी

शुक्रवारी शिफ्ट सुटायच्या वेळी सुपरवायझर मशीनपाशी येतात आणि सांगतात, "सोमवारपासून आयटीआयची मुलं येतायत. एक तुमच्याकडे देतोय, जरा बघा." बोलणं एवढंच. कागदावर तुमचं नाव मेंटॉर म्हणून लागलेलं असतं. पंधरा-वीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर, उभे आहात, हात बसलेला आहे, म्हणजे शिकवता येणारच, असं सगळे धरून चालतात. आपणही तसंच धरून चालतो.

मी भोसरीत टर्नर म्हणून लागलो आणि गेली बारा वर्षं दर वर्षी एक-दोन अप्रेंटिस माझ्या हाताखाली असतात. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच पोरगं येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं टर्निंगची आहेत, कारण मला तेच येतं. फिटरने, वेल्डरने आपापली घालून घ्यावीत.

आधी माझ्या पहिल्या अप्रेंटिसची गोष्ट सांगतो. मुलगा जालन्याकडचा, आयटीआय चांगल्या मार्कांनी पास, हात स्वच्छ. महिनाभराने त्याला ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचं, म्हणजे गोल दांड्याचं, फिनिशिंग दिलं. साइज ४९.९८ ते ५०.००, म्हणजे सगळी मिळून वीस मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळी त्याने सहा जॉब, म्हणजे असे सहा शाफ्ट, काढले. प्रत्येक जॉब मायक्रोमीटरने मोजला, वहीत लिहिलं: ४९.९९. दुपारी क्वालिटीवाल्यांनी मोजले तर सहाही ४९.९७. अंडरसाइज. मी त्याला लाइनवर सगळ्यांसमोर झापलं. "मोजता येत नव्हतं तर विचारायचं होतंस." तो काही बोलला नाही. जरा वेळाने मायक्रोमीटर घेऊन आला आणि म्हणाला, "काका, सकाळी खरंच बरोबर होतं."

मी झिरो तपासला, बरोबर होता. त्याची मोजायची पद्धत पाहिली, तीही बरोबर. मग त्याला म्हटलं, सकाळी कसं केलंस ते सगळं करून दाखव. त्याने कट घेतला, मशीन थांबवलं, जॉब पुसला आणि तिथेच मायक्रोमीटर लावला. जॉबला हात लावला तर चांगलाच तापलेला. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरचा जॉब चाळीस अंशांनी तापला तर तेवीस मायक्रॉन मोठा दिसतो. आमची सगळी सूटच वीसची.

मला अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. मी स्वतः फिनिश कटनंतर जॉब कधीच गरम मोजत नव्हतो. कट झाला की कूलंट, म्हणजे जॉब गार करणारं द्रव, सोडून ठेवायचा, तोवर टूल बघायचं, ट्रे पुसायचा, मग मायक्रोमीटर हातात घ्यायचा. वर्षानुवर्षं असंच करत होतो. पण आपण असं करतो, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ते माझ्या हाताला माहीत होतं. मग त्याला सांगणार कुठून?

तेव्हापासून मी मेंटॉरची तयारी एकाच कामात मोजतो: हाताला जे माहीत आहे ते तोंडावर आणायचं. खाली जे काही लिहिलंय ते यासाठीच.

आपल्याच हातांवर पाळत

पोरगं यायच्या आधी निदान एक आठवडा हातात असेल तर हे करा. रोज एक छोटं काम निवडा. सगळा जॉब घेऊ नका. चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत) जॉब पकडणं, टूल सेंटरला लावणं, व्हर्नियर या मापपट्टीने बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजणं, असं पाच-दहा मिनिटांचं काम. शेजारच्या मशीनवाल्याला मोबाइलवर फक्त तुमच्या हातांचं शूटिंग करायला सांगा. शॉपमध्ये मोबाइल चालत नसेल तर एकाने बघायचं आणि एकाने करायचं. मग जेवणाच्या सुट्टीत बसून वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे काय केलं, उजवीकडे ते तसंच का केलं.

डावा रकाना पटकन भरतो. उजव्याला घाम फुटतो, आणि खरी तयारी तिथेच होते.

चकमध्ये जॉब पकडायचं माझं पान असं झालं. जॉचे, म्हणजे चकच्या जबड्यांचे, दात ब्रशने साफ करायचे; का, तर एक चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कण, मध्ये राहिली तरी जॉब डुगडुगतो आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. जॉब आधी हलका आवळायचा, हाताने चक फिरवून बघायचा, मग पक्का आवळायचा. का, तर एकदा पक्का आवळल्यावर वाकडा आहे हे कळलं तरी सोडायचा कंटाळा येतो. चावी चकमध्ये असेपर्यंत चावीवरचा हात काढायचा नाही. हात निघाला म्हणजे चावीही निघाली पाहिजे. का, ते ज्याने चालू चकमधून उडालेली चावी पाहिलीय त्याला विचारायची गरज नाही, पण पोराने ती पाहिलेली नसते. तेव्हा त्याला ते शब्दांत सांगायलाच हवं.

असं लिहायला लागलं की लक्षात येतं, काही गोष्टींचं 'का' आपल्यालाही माहीत नाही. "आमच्या उस्तादांनी असंच शिकवलं." तिथे थांबा. टूल रूममध्ये विचारा, मेंटेनन्सच्या माणसाला विचारा. दोन-तीन सवयी अशा निघतील की त्यांना आता अर्थच उरलेला नाही, जुन्या मशीनच्या दुखण्यावरचा तो उपाय होता. त्या पोराला देऊ नका.

हे दोन रकाने मी शोधून काढलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत कधी मशीन न पाहिलेली माणसं आली, त्यात बायका मोठ्या संख्येने. १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला आणि फोरमन लोकांना शिकवायचं कसं ते शिकवलं. काम पायऱ्यांमध्ये तोडायचं, प्रत्येक पायरीतली कळीची गोष्ट लिहायची, आणि मग चार टप्पे: शिकणाऱ्याची तयारी, दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, नंतर लक्ष ठेवणं. खिशात मावेल असं कार्ड असायचं. माणूस शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, अशा अर्थाचं वाक्य त्या कार्यक्रमात वारंवार सांगत. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती उचलली. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आज जे काही चालतं त्यात तिचा अंश दिसतो. छोट्या शॉपमध्ये मात्र ते कुणी आणून देत नाही, आपल्यालाच करावं लागतं.

सुपरवायझरकडून काय मागून घ्यायचं

सोमवारी मागितलं तर मिळत नाही, आधीच मागा.

पहिलं म्हणजे वेळ. निदान पहिले दोन आठवडे रोजच्या टार्गेटमधून तुम्हाला काही सूट हवी. टार्गेट तेच आणि वर पोरगं, असं झालं की पोराच्या हातात झाडू येतो. त्याला चिप्स भरायला लावणं सोपं पडतं, आणि वर्ष तसंच निघून जातं. मी पाहिलेत असे अप्रेंटिस, वर्षभरानंतर ज्यांना ट्रॉली उत्तम ढकलता येत होती.

दुसरं, खराब करायला माल. रिजेक्ट झालेले जॉब, बारचे उरलेले तुकडे, एक पेटी भरून बाजूला ठेवा. पोराचा पहिला कट चालू ऑर्डरच्या जॉबवर पडता कामा नये, कारण मग तो घाबरतो आणि त्याहून जास्त तुम्ही घाबरता.

तिसरं, कागद. शिकाऊ उमेदवारांचा कायदा, म्हणजे अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ सालचा आहे. त्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं तर अप्रेंटिसशिप सल्लागारांची परवानगी लागते, आणि तीही ओव्हरटाइम त्याच्या प्रशिक्षणासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी गरजेचा असेल तरच. हे मेंटॉरला माहीत असायला हवं, कारण महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई आली की "त्या पोराला थांबव ना दोन तास" हा निरोप तुमच्याच मार्फत येणार. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. त्यामुळे आता लहान शॉपमध्येही मुलं दिसतात. पण ती केवळ संख्या भरायला आलेली नाहीत, हे सुपरवायझरपाशी तुम्हीच लावून धरा. वर्षाचा प्लॅन मागा: कुठल्या महिन्यात कुठलं मशीन. एका पानाचा असला तरी चालेल. त्याची एक प्रत पोराला द्या.

मशीनभोवतीची जागा

हे थोडक्यात सांगतो, पण यात सवलत नाही. फिरत्या जॉबपाशी हातमोजे नाहीत. चिप्स हुकाने ओढायच्या, हाताने कधीच नाही. कडं, अंगठी, गळ्यातली चेन, लोंबती बाही, ओढणी, मोकळे केस, यांपैकी काहीही मशीनजवळ नको. पोराच्या मनगटावर गणपतीचा किंवा यल्लम्माचा दोरा असतो. तो काढायला सांगताना नीट सांगा, खिशात जपून ठेवायला सांगा. गॉगल पहिल्या दिवशी त्याच्या हातात पडायला हवा, आठवड्याने स्टोअरमधून येईल असं नको.

इमर्जन्सी बटण दाखवून थांबू नका. त्याला मशीनसमोर उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, "बटण दाब." पाच वेळा. डावीकडून, उजवीकडून, थोडं वाकून. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात आपोआप जातो. तो जाईपर्यंत मशीन चालू करायचं नाही, असा माझा नियम आहे.

पहिला दिवस

पोरगं गेटपासून आत आलं की त्याला आवाजाने, वासाने, एवढ्या माणसांनी गांगरायला होतं. पहिला तास मशीनवर घालवू नका. कँटीन कुठे, संडास कुठे, पाणी कुठे, सुट्टी किती वाजता, पंचिंग चुकलं तर कुणाकडे जायचं, हे सांगा. मग चहा घ्या आणि चार गोष्टी विचारा. कुठे राहतो? कॉट बेसिसवर एका खोलीत सहाजण असतील तर तो रात्री किती झोपतो ते तुम्हाला कळलं पाहिजे, कारण झोप न झालेलं पोरगं मशीनवर धोक्याचं. सकाळी काय खाऊन येतो? मेस लावलीय का? येतो कसा? चष्मा आहे का, आणि लाजून खिशात ठेवलाय का? हा शेवटचा प्रश्न मी एका मुलीमुळे विचारायला लागलो. ती व्हर्नियर वाचताना मान वाकडी करायची. आम्हाला वाटलं शिकवण्यात काही राहिलंय, तर नंबर होता.

मुली आता टर्नर, मशिनिस्टच्या ट्रेडमध्येही येतात. त्यांच्यासाठी वेगळं शिकवायचं काही नसतं. पण कपडे बदलायला जागा आहे का, संडास जवळ आहे का, बस वेळेवर मिळते का, हे तुम्ही आधीच बघून ठेवा, तिला विचारायची वेळ येऊ देऊ नका. आणि लाइनवर कुणी तिच्या मशीनपाशी विनाकारण रेंगाळत असेल तर पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगा.

चहा झाला की विचारू नका, "व्हर्नियर येतो का?" सगळे 'हो' म्हणतात. मीही म्हणालो होतो. त्याच्या हातात व्हर्नियर आणि तीन पिना द्या, ज्यांचे साइज तुम्हाला माहीत आहेत, आणि म्हणा, "मोजून वहीत लिही, मी आलोच." पाच मिनिटं लांब जा. परत आल्यावर आकडे बघण्याआधी हात बघा. जॉ तिरपे लावतो का, जोर देऊन दाबतो का, पिनेवरचं तेल पुसलं का. त्या पाच मिनिटांत आयटीआयची दोन वर्षं दिसतात. काय येतं तिथून सुरुवात करायची. जे येत नाही त्याची यादी त्याला वाचून दाखवू नका.

दाखवणं

एका वेळी एकच गोष्ट. आम्ही जुने लोक एक चूक हमखास करतो. पोरगं समोर आलं की वीस वर्षांचं सगळं अर्ध्या तासात ओततो. फीड सांगता सांगता टूलचा अँगल, त्यावरून कार्बाइड, त्यावरून दोन हजार आठ साली काय झालं होतं. पोरगं मान डोलावतं. रात्री खोलीवर गेल्यावर त्याच्याजवळ त्यातलं काहीही उरलेलं नसतं.

वहीतलं एक पान घ्या. ते काम तीन वेळा करा. पहिल्यांदा नुसतं करा, पायरीचं नाव घेत. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीतली कळीची गोष्ट सांगत. तिसऱ्यांदा 'का' सांगत. मग मशीन त्याच्या ताब्यात द्या आणि त्याला म्हणा, "आता तू मला शिकव." त्याने करत करत बोललं पाहिजे. तो गप्प झाला की समजा, तिथे अडलंय. "समजलं का?" हा प्रश्न मी बारा वर्षांत हळूहळू सोडला. त्याचं उत्तर 'हो' असतं, कारण 'नाही' म्हटलं तर काका पुन्हा सांगतील आणि चिडतील, हे पोराला ठाऊक असतं.

उभं कुठे राहायचं तेही ठरवा. समोरून दाखवलं तर डावं-उजवं उलटं होतं. त्याला तुमच्या खांद्यामागे उभं करा, म्हणजे तुमचे हात त्याला त्याच्याच बाजूने दिसतील. कानात सांगायची वेळ येईल एवढा आवाज असेल तर मशीन बंद करून बोला.

आणि जिथे चकवा आहे तो आधीच दाखवा. आमच्याकडे शेजारी-शेजारी दोन लेथ आहेत. एकाच्या क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल जॉबकडे पुढे-मागे नेणाऱ्या भागाचा, डायल व्यास दाखवतो, दुसऱ्याचा त्रिज्या. पहिल्यावर अर्धा मिलिमीटर फिरवला की जॉब अर्ध्याने कमी होतो, दुसऱ्यावर एकाने. आम्हाला याचं काही वाटत नाही, मशीन बदललं की हात आपोआप निम्मा फिरतो. पण एका मशीनवर तीन महिने शिकलेलं पोरगं दुसऱ्यावर गेलं की पहिला जॉब जातोच. मी आता त्या मशीनच्या डायलखाली पिवळा रंग लावलाय आणि पहिल्या दिवशी दोन्हींवर एकेक तुकडा कापायला लावतो. कापायचा, मोजायचा, फरक स्वतः बघायचा.

डायलमधल्या ढिलाईचंही तसंच. हँडल पुढे गेलं तर नुसतं तेवढंच मागे आणून चालत नाही. अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे आणत खुणेवर थांबायचं. हे सांगून कळत नाही. त्याचं बोट डायलवर ठेवा, हँडल मागे फिरवा, आणि स्लाइड हलायच्या आधी डायल किती सरकला ते त्याला मोजू द्या.

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, काम असेल तर एकच सवय पहिल्या दिवसापासून लावा. ऑफसेट (टूल किती सरकवायचं ते माप) टाकण्याआधी आकडा तोंडाने म्हणायचा, चिन्हासकट आणि पॉइंटसकट: "एक्स वजा शून्य पॉइंट शून्य पाच." म्हणायचं, स्क्रीनवर बघायचं, मगच इनपुट दाबायचं. शून्य पॉइंट शून्य पाच आणि शून्य पॉइंट पाच यांच्यात एका शून्याचा फरक, आणि जॉब भंगारात जातो. सुरुवातीला पोरांना मोठ्याने म्हणायची लाज वाटते. तुम्ही स्वतः म्हणत असाल तर वाटत नाही.

जॉब चुकल्यावर

जॉब चुकणारच. पहिले दहा सेकंद तुम्ही काय करता यावर पुढचं वर्ष ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

त्या सहा शाफ्टनंतर माझं पोरगं माझ्याकडे यायचं बंद झालं. काम करायचं, पण विचारायचं नाही. दोन महिन्यांनी स्क्रॅपची पेटी रिकामी करताना चिप्सच्या खाली चार बुश (पोकळ नळकांड्यासारखे जॉब) सापडले, नीट तळाशी दाबून ठेवलेले. त्याने ते लपवले होते. नवीन बारचे तुकडे कापून पुन्हा केले होते, जेवणाची सुट्टी बुडवून. मला आधी राग आला, आणि मग वाईट वाटलं. त्या चार बुशमध्ये एकच चूक होती, चौथ्यापर्यंत तीच. पहिल्या बुशला तो माझ्याकडे आला असता तर पाच मिनिटांत ती दिसली असती.

म्हणून आता मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ठरवून टाकतो. चुकलेला जॉब माझ्या टूल बॉक्सवर आणून ठेवायचा. बोलायची गरज नाही, नुसता ठेवायचा. मी रिकामा झालो की आपण दोघं मिळून बघू. आणि आणून ठेवलेल्या जॉबबद्दल मी ओरडणार नाही, हा शब्द. तो शब्द पाळणं अवघड जातं, विशेषतः जॉब महाग असेल आणि सुपरवायझर मागे उभे असतील तेव्हा. अशा वेळी मी आधी एवढंच विचारतो: "मशीन ठीक आहे? तुला लागलं नाही ना?" हे विचारेपर्यंत आपला आवाजही खाली येतो.

मग जॉब हातात घेऊन मागे जायचं. मोजलं तेव्हा किती होतं? त्याआधी काय केलं? त्याच्या आधी? "का चुकवलंस" असं विचारलं तर तो सबब शोधतो. "आधी काय केलंस" विचारलं तर तो आठवतो. कितीतरी वेळा असं मागे जाताना चूक माझ्यापाशी येऊन थांबली आहे, मी न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीपाशी. तसं झालं की मी त्याला तसं सांगतो आणि त्याच्यासमोर वहीत ती ओळ लिहितो.

झापायची वेळही येते, नाही असं नाही. सेफ्टी मोडली तर. चालू मशीनवर जॉब पुसायला हात घातला तर मशीन बंद, दिवस बंद, आणि बोलायचं ते बाजूला नेऊन.

मागे सरकणं

पहिले काही दिवस हाताच्या अंतरावर उभे राहा. मग दोन पावलं. मग तुमच्या स्वतःच्या मशीनवर, पण पाठ त्याच्याकडे न करता. मग पाठ करून, कानाने. कट कसा चाललाय हे आवाजावरून कळतं. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, जॉब थरथरायला लागला की किरकिर सुरू होते. हे तुमचे कान जाणतात, त्याचे नाहीत. त्याच्याशेजारी उभं राहून, डोळे मिटून, "आता ऐक, आता बदलला" असं दोन-तीनदा केलं की मुलं फार लवकर पकडतात. मला या कामात सगळ्यात आनंद होतो तो पोरगं माझ्याआधी मान वर करून "काका, टूल गेलं" म्हणतं तेव्हा.

फार लवकर मागे सरकणं धोक्याचं, हे सगळे जाणतात. फार उशिरा सरकणंही वाईटच, ते कुणाच्या लक्षात येत नाही. सहा महिन्यांनंतरही प्रत्येक सेटिंग तुम्हीच तपासत असाल तर तो तपासायचं शिकत नाही. सेटिंग झाल्यावर त्याला म्हणा, "पहिला पीस तूच पास कर, वहीत सही कर." सही करताना तो पुन्हा एकदा मोजतो.

जे आपलं नाही

पोरगं वर्षभर जवळ राहतं, जीव लागतो. घरचं सांगायला लागतं. स्टायपेंड उशिरा आला, गावी आई आजारी आहे, खोलीवाल्याने भाडं वाढवलं. ऐका. ऐकायला काही लागत नाही. पण पैसे उसने देऊ नका, हे मी अनुभवाने सांगतो. दिले की तो तुमची नजर चुकवायला लागतो आणि शिकणं थांबतं. स्टायपेंडचा प्रश्न असेल तर एचआरमध्ये कुणाशी बोलायचं ते नाव त्याला द्या, हवं तर पहिल्यांदा सोबत जा. अगदी गळालेला, झोप उडालेला, एकटा बसणारा दिसला तर कंपनीचे डॉक्टर किंवा त्याच्या घरचं माणूस यांच्यापर्यंत गोष्ट पोचवणं तुमचं काम आहे. इलाज करणं तुमचं नाही.

पुढच्या वाटा मात्र तुम्हाला माहीत असाव्यात, कारण हे प्रश्न तो तुम्हालाच विचारणार. अप्रेंटिसशिप संपल्यावर परीक्षा असते आणि ती पास झाली की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेट म्हणजे नोकरीची हमी नाही, हे त्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, कंपनी ठेवून घेईलच अशी आशा लावू नका. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे. शिकवायची आवड दिसली तर इन्स्ट्रक्टर होण्यासाठी एक वर्षाचा कोर्स आहे. मुंबईत चुनाभट्टीला नॅशनल स्किल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, तिथे तो चालतो. माझ्या एका अप्रेंटिसला थेट दुसऱ्या वर्षाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला ते कळलं तेव्हा त्या वर्षीची ॲडमिशनची मुदत गेली होती. तेव्हापासून मी हे सगळं एका कागदावर लिहून सहाव्या महिन्यातच देतो.

शेवटचा आठवडा

वर्ष संपत आलं की त्याच्यासोबत तुमची ती दोन रकान्यांची वही घेऊन बसा. पहिल्या पानापासून. एकच प्रश्न विचारा: "यातलं काय नव्हतं, जे तुला स्वतःहून शोधावं लागलं?" पहिल्यांदा "सगळं होतं, काका" असंच म्हणतात. थांबा. चहा मागवा. मग सांगतात.

गेल्या वर्षीच्या मुलीने सांगितलं, चकचे जॉ काढून साफ केले आणि परत लावले, तर जॉब सेंटरला येईना. तासभर ती झगडत होती, मला विचारता येत नव्हतं कारण मी ड्रॉइंग घेऊन ऑफिसमध्ये गेलो होतो. मग तिला जॉच्या बुडाला कोरलेले एक, दोन, तीन हे आकडे दिसले आणि तेच आकडे चकच्या खाचांपाशीही. ज्याचा जॉ त्याच्याच खाचेत, आणि एकापासून क्रमाने लावत जायचं. मी ते हाताने इतकी वर्षं करतोय की आकडे बघतो हेच मला आठवलं नव्हतं. वही तिच्याकडे सरकवली. तिने तिच्या अक्षरात दोन्ही रकाने भरले, खाली तारीख टाकली. या सोमवारी नवीन मुलगा येतोय, त्याला ते पान पहिल्याच आठवड्यात दाखवायचं आहे.